पनवेलच्या थिएटरात मी ‘शूऽऽ’ म्हटलं

सांगलीहून पनवेलला जाऊन मी एक सिनेमा बघून आले. तोच सिनेमा सांगलीतही लागला होता, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मग पनवेलला कशाला, असं ब्लॉगवरच्या नेहमीच्या मंडळींनी विचारून मला भंडावून सोडलंय. परीक्षण का आलं नाही, म्हणूनही ओरडा आहेच. तर परीक्षण येणार नाही. त्याऐवजी हा प्रवास वाचा आणि गोड मानून घ्या.

मला न ओळखणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मी बँकेत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात सिनेमे बघून त्यांच्याबद्दल लिहिते. आवडीनिवडी तिखट आहेत. उगाच रडवणारं पार्श्वसंगीत वाजलं की माझे डोळे हट्टाने कोरडे राहतात. ज्या सिनेमात भांडी घासणाऱ्या बाईचे हात खरोखर ओले दिसतात, तो मला तिथेच निम्मा आवडलेला असतो. गाण्यांचं वावडं नाही, पण एका कडव्यात नायिकेने तीन साड्या बदलल्या की मी घड्याळ बघते. आणि थिएटरात बोलणाऱ्यांचा मला येणारा राग तर जगजाहीर आहे. ‘तोंड मिटून बघा’ हा माझा लेख लोक अजून एकमेकांना पाठवतात. सांगलीतली ओळखीची माणसं थिएटरात माझ्या शेजारची खुर्ची टाळतात, असं माझा भाऊ म्हणतो. टाळू देत, मला पाय पसरायला जागा होते.

या प्रवासाचं मूळ हा भाऊच, म्हणजे आमचा दादा. त्याची एकुलती एक मुलगी गौरी पनवेलला राहते, खारघरला एका ऑफिसात चांगल्या हुद्द्यावर आहे. तिने उरणचा एक मुलगा पसंत केला. हर्षल त्याचं नाव. कोळ्यांचं घर. तो स्वतः बंदरात क्रेन चालवतो, वडील आणि थोरला भाऊ घरची बोट घेऊन समुद्रावर जातात, आई मासळी बाजारात बसते. दादाने हे ऐकलं आणि गॅलरीत जाऊन बसला. नाही म्हणाला नाही, हो पण म्हणाला नाही. भावकीला मात्र लगेच कंठ फुटला. जात वेगळी, पाणी वेगळं, शिकलेली पोर मासे निवडत बसणार का, एक ना दोन.

दादाला जातीचं फारसं काही नव्हतं. त्याची भीती निराळी होती, आणि ती आमच्याच घरातली होती. आमची वहिनी लग्नाआधी शाळेत शिकवायची. आमच्या आईने तिला कधी आवाज चढवून काही म्हटलं नाही. ‘कशाला गं दगदग करतेस, माझ्या लेकीसारखी आहेस तू,’ असं म्हणत म्हणत वर्षभरात तिची नोकरी सोडवली. दादा तेव्हा मधे पडला नाही. हे त्याला अजून डाचतं.

“गोड बोलून घरी बसवतील गं पोरीला,” दादा मला म्हणाला. “तू जाऊन बघून ये. मी गेलो तर भांडेन, नाहीतर रडेन. तू पडद्यावरची खोटी माणसं लांबून ओळखतेस ना? मग ही पण ओळखशील. तू हो म्हणालीस तर माझं हो.”

गौरीला फोन केला तर ती म्हणाली, “आत्या, मी पळून बिळून जाणार नाही. बाबा हो म्हणाले तरच लग्न करीन. पण दुसरा मुलगा दाखवायला आणू नका.” म्हणजे सगळा भार माझ्या डोक्यावर आला. मी आयुष्यभर सिनेमांना नावं ठेवली ती फुकटात, एकाही दिग्दर्शकाचं काही अडलं नाही. इथे पोरीचा संसार होता.

कळंबोली

पुण्याकडून येणाऱ्या गाड्या पनवेल गावात शिरायचा आळस करतात. कंडक्टरने मला कळंबोलीला पुलाखाली उतरवलं आणि बस धूळ उडवत मुंबईकडे गेली. आजूबाजूला बघते तर ट्रकच ट्रक. पोलादी पत्र्याची भलीमोठी वेटोळी साखळ्यांनी आवळून ट्रकवर बसवलेली, आणि त्यांच्या सावलीत ड्रायव्हर लोक निवांत कांदा चिरत होते. आमच्याकडे स्टँडवर उतरलं की उसाच्या रसाचं गुऱ्हाळ दिसतं, इथे लोखंड. गौरी स्कूटर घेऊन आली. मी, माझी पिशवी, पिशवीतला भडंगाचा डबा आणि तिळाचे लाडू असे सगळे तिच्यामागे बसलो.

सांगलीत पत्ता विचारला की सांगणारा माणूस अर्ध्या वाटेपर्यंत सोबत येतो आणि वाटेत तुमची सोयरीक काढतो. इथे मी सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याला गौरीच्या वस्तीचं नाव घेऊन नुसतं विचारलं, “खांदा कॉलनी किती लांब आहे हो?” तर तो म्हणाला, “काकी, मॅप टाका ना.” गौरी खुदखुदत होती. पोर इथली होऊन गेलीय. तिचं बोलणं भरभर झालंय, चहा ती उभ्याने पिते, आणि ‘होय’ च्या जागी ‘हा ना’ म्हणते.

संध्याकाळी तिने मला जुन्या पनवेलच्या बाजारात फिरवलं, मग घरी पिठलं-भात केला आणि सूचना द्यायला बसली.

“आत्या, उद्या उरणला त्यांच्या घरी टीव्ही चालू असेल. त्यावर काही बोलू नकोस. आवाज कमी करा म्हणू नकोस.”

“मी काय एवढी खाष्ट आहे?”

“आहेस,” ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “ते लोक चांगले आहेत गं. पण त्यांना वाटतं, आपण त्यांना कमी समजू. हर्षल म्हणतो, आई आठवडाभर घर धुतेय.”

उरण

सकाळी हर्षल गाडी घेऊन आला. उंच, सावळा, आणि माझ्याशी बोलताना कान लाल होणारा मुलगा. मला मुलगा पहिल्या वळणावरच आवडला, कारण रस्ताभर कंटेनरचे अजस्र ट्रेलर अंगावर येत होते आणि हा शांतपणे सगळ्यांना वाट देत होता. आमच्याकडचा कुणी असता तर त्याने ट्रेलरच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. नव्या विमानतळाकडे जाणारे रस्ते, अर्धवट उंच इमारती, मधेच खारफुटीचा हिरवा पट्टा आणि त्यात उभे बगळे. मी खिडकीची काच खाली केली. खारट, ओला, सुक्या मासळीचा वास आत आला. गौरीने माझ्याकडे चोरून बघितलं. मी मुद्दाम दीर्घ श्वास घेतला. तसा वाईट नव्हता, नवा होता.

घर टुमदार, स्लॅबचं. अंगणात निळी जाळी वाळत पडलेली. दारात हर्षलची आई उभी होती, ठसठशीत, नवी साडी, केसात अबोली. सगळा कोळीवाडा तिला हिराआई म्हणतो. तिच्यामागे मोठी सून प्राची, तीही मासळी बाजारात बसते. वडील खुर्चीवर. थोरला मुलगा समुद्रावर गेलेला.

“या मॅडम, या,” हिराआई म्हणाली. टीव्ही बंद होता. त्याच्यावर भरतकाम केलेला रुमाल घातलेला. माझ्यासाठी बंद केला, हे उघडच होतं.

जेवायला तांदळाच्या पातळ भाकऱ्या, तळलेले बोंबील, कोळंबी आणि चिंबोऱ्यांचा रस्सा. चिंबोरी म्हणजे खेकडा. आम्ही मटण खाणारी माणसं, तांबडा-पांढरा रस्सा पिऊन वाढलेली. पण कवचासकट ताटात आलेला प्राणी कुठून उघडायचा हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी नांगी दोन्ही हातांनी धरून जोर लावला. ती सटकली आणि समोर बसलेल्या हर्षलच्या वडिलांच्या भातात जाऊन पडली. त्यांनी ती शांतपणे उचलली, फोडली, आतलं मांस काढून माझ्या ताटात ठेवलं आणि जेवत राहिले. कुणीही हसलं नाही. हसले असते तर मला फार बरं वाटलं असतं.

सगळंच असं होतं. मी म्हटलं जेवण छान झालंय, हिराआई म्हणाली कसलं छान. मी म्हटलं घर छान आहे, ती म्हणाली कसलं घर. हात धुतल्यावर मी मुद्द्यावर आले. “लग्नानंतर गौरीच्या नोकरीचं कसं? जायला लांब पडेल ना इथून?”

“तिची मर्जी,” हिराआई म्हणाली. “आमचं काय नाय.”

‘आमचं काही नाही’ हे वाक्य मी माझ्या आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. ते म्हणून झाल्यावरच तिने वहिनीला घरी बसवलं होतं. प्राचीकडे बघितलं, तर ती खाली मान घालून पानं उचलत होती. सबंध दुपारभर त्या बाईने तोंड उघडलं नव्हतं. तिथे बसल्या बसल्या मला कळेना, ही चांगली माणसं आहेत की चांगला अभिनय करतायत. पडद्यावर असती तर डोळ्यांवरून ओळखलं असतं, पण इथे कुणी माझ्याकडे नीट बघतच नव्हतं.

निघताना हर्षलने कोंडी फोडायचा प्रयत्न केला. “आत्या, उद्या रविवार आहे. तुम्हाला सिनेमा आवडतो ना? आई पण वेडी आहे सिनेमाची. पनवेलला जाऊया सगळे?”

“मॅडमना चालंल का आमच्यासंगती?” हिराआईने विचारलं.

“चालेल की!” मी म्हटलं. थिएटरात बोलावं लागत नाही, एवढाच विचार त्या वेळी मनात होता.

पनवेल, दुपारचा खेळ

मॉलच्या दारात पिशव्या तपासत होते. तिथल्या बाईने मला विचारलं, खायचं काही आहे का? मी नोकरदार माणूस, खरं बोलायची सवय. “भडंग आहे,” म्हटलं. डबा गेला. हिराआईची भली थोरली पिशवी मात्र वरच्या टॉवेलवरून हात फिरवून सोडून दिली. आत आल्यावर कळलं, टॉवेलखाली तळलेल्या कोळंबीचा डबा होता.

“तुमी खरं कशाला सांगितलात?” तिने कळवळून विचारलं. सांगलीहून आलेला भडंग गेल्याचं तिला मनापासून वाईट वाटलं होतं.

रांगेत एका टोकाला वडील बसले आणि जाहिरातीतच झोपले. मग हर्षल, गौरी, प्राची, हिराआई आणि तिच्या शेजारी मी. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला, आणि हिराआईचं तोंड सुरू झालं.

मी खोटं सांगत नाही, तिने पात्रांना नमस्कार करायचाच बाकी ठेवला. नायिका स्कूटरवरून आली. “आली बाय, आली! हेलमेट घातलाय बघ, शाणी हाय.” नायक हसला. “हा बरा हाय, पन आईच्या मुठीत हाय.” सासू ओवाळायला आली. “हिचं तोंड बघ, साखर नुसती. सांभाळ गो पोरी!” आणि काल जिच्या तोंडात जीभ आहे की नाही अशी मला शंका आली होती, ती प्राची खिदळत म्हणत होती, “आई, ही आपल्या बाजारातल्या त्या म्हातारीसारखी दिसते, बरफ चोरते ती!” यावर सगळी रांग हसली. गौरीसुद्धा, माझ्या हाताखाली सिनेमा बघायला शिकलेली पोर, तोंडात कोळंबी घालून बडबडत होती.

मी दात आवळून बसले होते. सिनेमा बरा होता, हे सांगायला हवं. नव्या सुनेची गोष्ट. ती तालुक्याच्या गावी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला जाते आणि सासू तिला प्रेमाने, हळूहळू घरात ओढते. मग तो प्रसंग आला. पहाटेचं स्वयंपाकघर. सूनबाई एकटी, ओट्याशी उभी, नळाला बारीक धार. संगीत नाही, संवाद नाही, फक्त पाणी. हात ओले. अहो, अशा प्रसंगासाठी मी तिकीट काढते! मी खुर्चीत पुढे सरकले.

“अगो, ती म्हातारी दाराशी उबी हाय! ऐकते बघ, ऐकते!” हिराआई कडाडली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “शूऽऽ!”

नुसतं निघालं नाही. बोट ओठांवर ठेवून, मान वळवून, डोळे वटारून निघालं. सांगलीतल्या कॉलेजच्या पोरांना करते तसं. गौरीच्या होणाऱ्या सासूला.

हिराआई गप्प झाली. तिच्या पलीकडे प्राची गप्प झाली, मग सगळीच रांग. डब्याचं झाकण लावल्याचा आवाज आला. हिराआईने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला आणि हात मांडीवर ठेवून ती समोर बघत बसली, शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखी. नळाला बारीक धार चालूच होती. मला तिचा आवाज आता सहन होत नव्हता.

मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा कुणी उठलं नाही. मी म्हटलं, “ताई, राग मानू नका हं. मला सवयच लागलीय मेली.”

“राग कसला,” हिराआई म्हणाली. “आमचंच चुकलं मॅडम. आमाला तुमच्यासारखं गप बसून बगाला नाय येत.”

तोच कालचा चेहरा परत आला होता, रुमाल घातलेल्या टीव्हीसारखा. हर्षलने माझ्याकडे पहिल्यांदाच सरळ बघितलं. त्याचे कान लाल नव्हते. गौरी मला हाताला धरून बाहेर घेऊन गेली, पॉपकॉर्नच्या रांगेमागे, आणि रडायलाच लागली.

“काय केलंस गं आत्या! सहा महिने मी त्यांना सांगतेय, आमच्याकडे तुम्हाला कुणी कमी समजणार नाही. आणि तू एका ‘शू’मध्ये सगळं धुऊन टाकलंस! आता हो कोण म्हणणार?”

आले होते त्यांची पारख करायला, आणि शोभा माझीच झाली होती. मला माझी भयंकर लाज वाटली. दादाला काय सांगायचं, हे मी विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

दुसरा अर्धा भाग सुरू झाला. रांग चिडीचूप. माझ्या लेखात जसं थिएटर मागितलंय तसं. आणि सांगायला नको वाटतं, पण मला काही सुचेना. प्रत्येक नवं पात्र आलं की माझे कान शेजारी लागायचे, ही आता काय म्हणेल? ती काहीच म्हणत नव्हती. तिकडे पडद्यावर सासूने सुनेला जवळ बसवलं, केसांवरून हात फिरवला. म्हणाली, “कशाला गं एवढी दगदग? तू मला लेकीसारखी आहेस.” आणि हात पुढे केला. स्कूटरची चावी मागितली.

मला पडद्यावर ती नटी दिसेचना. मला आमचं माजघर दिसत होतं. आमची आई दिसत होती, खडूची पेटी फडताळावर ठेवणारी वहिनी दिसत होती, आणि दाराशी उभा राहून काही न बोलणारा दादा. माझे हट्टी डोळे भरून आले. आता तरी कुणीतरी बोला की! शेजारी बघितलं तर हिराआईचे ओठ घट्ट मिटलेले. मी मिटवलेले.

“अगं देऊ नकोस!” मी ओरडले. “बावळट! देऊ नकोस चावी!”

पुढच्या दोन रांगा मागे वळल्या. गौरी पुढे वाकून माझ्याकडे बघत राहिली. पडद्यावरच्या पोरीने चावी काढून सासूच्या हातात ठेवली.

“दिलीच की गं, मेली!” मी कपाळावर हात मारला.

मग शेजारून, हळूच, पडद्याकडे बघतच, “ती देनारच व्हती. आदीपासून मी बोंबलतंय, ती म्हातारी गोड हाय म्हनून.”

“तुम्ही दाराशी पण बघितलं होतंत तिला. माझं लक्षच नव्हतं हो, मी नळाकडे बघत होते.”

“नळात काय हाय बगन्यासारखं?” हिराआईने खऱ्या कुतूहलाने विचारलं, आणि प्राचीला हसू फुटलं.

आता तिला धीर आला. “लेकीसारखी म्हने! लेकीसारखी कशाला? लेकीला मी दिवसातून दहादा वराडते. सून म्हन सरळ, आनि चावी दे तिची तिला!” मग ती माझ्याकडे वळली. “माझी सासू तोंडाची लय फाटकी व्हती, बाय. पन बाजारातली माझी जागा तिनं कवा जाऊ दिली नाय. बाजारात जागा रिकामी राहिली का दुसरी पाटी येऊन बसते, मग रडून उपयोग नाय. हर्षलच्या टायमाला मी बाळंतीन, घरात. तर म्हातारी, गुडघे दुखत व्हते तिचे, सवता जाऊन माझ्या जागेवर बसली. बोलायची, सुनेची जागा हाय, ती येयीपर्यंत मी हाय. आमच्यात तसंच हाय. या प्राचीच्या येळेला मी दोन जागा सांभाळल्या, हितून उठून तिथं, तिथून उठून हितं.”

“आणि माझं गिऱ्हाईक स्वतःकडे ओढलंत, ते सांगा की,” प्राची म्हणाली.

“थोडं ओढलं,” हिराआईने कबूल केलं. मग गौरीच्या दिशेने हनुवटी उडवून म्हणाली, “आता हिच्या ऑफिसात मला कोन बसाला देनार? नायतर तिथं पन बसले असते.”

खुर्चीवर बसलेली हिराआई, पुढ्यात गौरीचा कॉम्प्युटर, केसात अबोली. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मागून एक मुलगा म्हणाला, “ओ काकू, सिनेमा बघू द्या ना!” ‘तोंड मिटून बघा’ची लेखिका मान वळवून त्याला म्हणाली, “सॉरी हं, बाळा,” आणि पुन्हा हिराआईच्या कानाला लागली.

तेव्हा सिनेमा कसा होता, हे कृपया मला विचारू नका. त्या पोरीला चावी परत मिळते, एवढं खात्रीने सांगते, कारण तेव्हा आमच्या रांगेतून प्राचीने शिटी मारली. कशी मिळते ते मला ऐकू आलं नाही.

मॉलच्या बाहेर

बाहेर कट्ट्यावर बसून आम्ही उरलेली कोळंबी संपवली. गौरी आणि हर्षल गाडी आणायला गेले होते. हिराआईने डबा पुसून पिशवीत घातला आणि माझ्याकडे नीट बघितलं. उरणला तिने असं एकदाही बघितलं नव्हतं.

“काल तुमी नोकरीचं विचारलंत. मी बोलले, तिची मर्जी. तुमचं तोंड उतरलं. मला काय कळलं नाय का?”

“तुम्ही तेवढंच म्हणालात, ताई. मला भीती वाटली.”

“मग काय बोलनार? आमच्या घरात बाई काम करते का, हे विचारायची गोष्ट हाय का? आमाला वाटलं, तुमीच आता बोलनार, आमची पोर लगीन झाल्यावर असं काय करनार नाय, तसं काय करनार नाय.” तिने पदराला हात पुसले. “तुमी आमाला बगाला आलात ना? आमी पन तुमाला बगत व्हतो. काल तुमी लय गोड बोलत व्हतात. हे छान, ते छान. मी यांना घरी बोलले, बाई गोड बोलते, आपला पोर त्यांच्यात गेला तर त्याला मान मिळंल का कोन जाने. मघाशी तर तुमी मला गपच केलंत. तवा मी मनात बोलले, नको. नकोच आपल्याला.”

ते लोक नाही म्हणू शकतात, हे गौरी रडली तेव्हाही माझ्या ध्यानीमनी आलं नव्हतं. दादाच्याही नव्हतं.

“मग?” मी विचारलं.

“मग तुमी त्या पोरीवर वराडलात.” हिराआई हसली. “सवताची असल्यासारख्या वराडलात. रडत पन व्हतात, मी बगितलं. हर्षलचे बाबा, ऐकता ना? आमाला पसंत हाय, विहीणबाय.”

वडिलांनी मान डोलवली. सिनेमाभर झोपलेल्या त्या माणसाने आपल्या खिशातून बडीशेप काढली आणि पहिल्यांदा माझ्यापुढे धरली.

मी कट्ट्यावरून उठून जरा बाजूला गेले आणि दादाला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे हातात धरूनच बसला होता.

“कसे आहेत गं लोक? नोकरीचं विचारलंस?”

मी त्याला बाजारातल्या जागेची गोष्ट सांगितली. सुनेच्या जागेवर गुडघे धरून बसलेल्या सासूची. गौरीच्या ऑफिसात बसायला निघालेल्या हिराआईची. मग दादा वहिनीला ती सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगताना ऐकू आला, अडखळत. वहिनीने फोन घेतला.

“खरं सांगतेस? गंमत नाही ना करत?”

“खरं गं वहिनी.”

तिने बाजारातल्या जागेची गोष्ट माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतली. मग म्हणाली, “त्या बाईंना माझा नमस्कार सांग. मला त्यांना बघायचंय.”

दादाने पुन्हा फोन घेतला. घसा खाकरून आवाजात रुबाब आणला. “बरं मग, त्यांना कळव. म्हणावं, आमचा होकार आहे.”

“कळवते की,” मी म्हटलं. “पण दादा, त्यांनी आधीच सांगितलंय. आपण पास झालो.”